तीन वार म्हणण्याआधी

मराठीत राग 'येतो', हे माझ्या फार सोयीचं आहे. पाहुण्यासारखा येतो, बसतो, चहा घेतो आणि जातो. मी आपली दार उघडं ठेवल्याची धनी. वाक्यात मी 'मला' होऊन कोपऱ्यात उभी असते, मुख्य खुर्ची रागाला. इंग्रजीत तसं नाही. तिथे माणूस स्वतः रागावलेला असतो, सगळा ठपका त्याच्यावर. जळगावच्या कॉलेजात मी हे शिकवते तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे मॅडम, काल तुम्ही आमच्यावर ओरडलात त्यात तुमची चूक नव्हती?" नव्हतीच मुळी.

क्रियापद हा माझा विषय. संशोधनही त्यावरच चाललंय, आणि कधी संपेल ते विचारू नका. सांगायचं एवढंच, की वाक्यात किती जण बसणार हे क्रियापदाचा अर्थ ठरवतो. शिंकायला एक माणूस पुरतो. फोडायला फोडणारा लागतो आणि फुटणारं लागतं. देण्याला तिघं लागतात: देणारा, घेणारा आणि जे दिलं जातं ते. जगातल्या कुठल्याही भाषेत जा, देणं आलं की ही तिघं आलीच. कोणाला कुठे बसवायचं एवढंच प्रत्येक भाषा आपापल्या रीतीने ठरवते. काम चालू आहे की उरकलं, हे सांगायची तऱ्हाही ज्याची त्याची. आपण म्हणतो 'तो बसला आहे', कारण बसून झालं, आता माणूस खुर्चीत आहे. इंग्रजी बोलणाऱ्याच्या लेखी तो अजून बसतोच आहे. पोरं हसतात, आणि हसली की त्यांच्या लक्षात राहतं.

हे सगळं मी जळगावात हातवारे करून शिकवत होते, आणि तिकडे पारोळ्याला, आमच्या घरात, दिवाळीनंतर नानांच्या तोंडातून नेमकी क्रियापदंच गेली.

नाना म्हणजे माझे वडील. पारोळ्याच्या धान्यबाजारात एका शेठच्या अडतीवर त्यांनी जन्मभर लिलाव पुकारला. शेठचे पूर्वज राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्यापेक्षा जास्त पारोळ्याचे. लहानपणी मी नानांचा डबा घेऊन बाजारात जायची. गव्हाचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, आणि मधे नाना, हातात मूठभर गहू चोळत. "एक वार… दोन वार…" असा आवाज, की पलीकडच्या रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानेही वळून बघावं. दुसरे पुकारणारे 'एक वार दोन वार तीन वार दिला' एका दमात उरकायचे. नाना दोन वारवर थांबायचे. ज्याचा माल, त्या शेतकऱ्याकडे वळून विचारायचे, "काय भाऊ, देवाना का?" म्हणजे द्यायचा का. त्याने मान हलवली तरच "तीन वार, दिला!" नाही म्हणाला तर नाना एक शब्द न बोलता पुढच्या ढिगाकडे. व्यापारी कुरकुरायचे, नाना वेळ खातात म्हणायचे. मलाही भूक लागलेली असायची, मीसुद्धा मनातल्या मनात कुरकुरायची.

त्या नानांना सकाळी चूळ भरता भरता पक्षाघाताचा झटका आला. धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा, पाय ओढता, आणि तोंडात फक्त नावं उरलेली. "चहा." "पंखा." "पोरगी." चहा हवा की नको, गार झाला की सांडला, ते आम्ही ओळखायचं. पंखा लावायचा की बंद करायचा, तेही आम्हीच. एकदा सकाळपासून "गाय, गाय" चाललेलं. आई दोनदा दारात जाऊन बघून आली, गाय नाही. गच्चीवर गेलो तेव्हा कळलं: कोणाची तरी मोकाट गाय मागच्या जिन्याने वर चढून वाळत घातलेल्या कुरडया फस्त करून गेली होती. नानांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. 'चढली' आणि 'खाल्ल्या', एवढे दोनच शब्द हवे होते. आम्ही हसलो, नानाही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कोणीच हसलं नाही.

धुळ्याला स्पीच थेरपीच्या एक मॅडम आहेत. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण माझ्यात नाही ती शांतता त्यांच्यात भरपूर. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. मुलगा खुर्चीत बसलाय.

"नाना, मुलगा काय करतोय?"

"मुलगा."

"बरोबर. काय करतोय?"

"खुर्ची."

बस, इथेच अडायचं. बसणं कधी आलंच नाही. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अशा पेशंटना क्रियापदं जड जातात, आणि ज्या क्रियापदाला जास्त माणसं लागतात ते बहुतेक वेळा अधिकच जड. मला हे माहीत होतं. मी ते वाचलं होतं, वर्गात फळ्यावर लिहिलंही होतं. पण आपला बाप चित्राकडे बघून घामाघूम होतोय, हे फळ्यावर कुठे दिसतं? मला त्या कार्डांचा राग आला. राग आला, मी केला नाही.

याच दिवसांत धाकटीचं लग्न ठरत होतं. धाकटी माझी बहीण. धुळ्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, रोज पारोळ्याहून बसने जाऊन येऊन. मुलगाही धुळ्याचा, त्याचं औषधांचं दुकान. दोघांचं आधीच जमलेलं. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आईने नानांच्या कानावर घातलं होतं. मुलाकडच्यांना मात्र माहीत नव्हतं. त्यांच्याकडे सगळा कारभार मुलाच्या मोठ्या काकांचा. पोरांनी आपापलं ठरवलंय हे कळलं तर ते उंबऱ्यावरूनच परत जातील, असं मुलगाच म्हणाला होता. म्हणून शेठना मधे घातलं. शेठनी आपणच स्थळ शोधून काढल्यासारखा चेहरा करून सगळं जुळवून आणलं. आता फक्त सुपारी फुटायची बाकी होती.

आमच्याकडे सुपारी फुटेपर्यंत काही खरं नसतं. पाटावर सुपारी ठेवतात. मुलीचा बाप म्हणतो, "मुलगी दिली." मुलाकडचा वडीलधारा म्हणतो, "घेतली." मग अडकित्त्याने सुपारी फोडून सगळ्यांना वाटायची, झालं. बाप नसेल तर काका, मामा, कोणीही शब्द देतो. पण बाप समोर बसलेला असताना शब्द दुसऱ्याने द्यायचा नाही.

आणि नेमका तोच निरोप धुळ्याहून आला. मोठे काका म्हणतात, शब्द मुलीच्या बापाच्याच तोंडून ऐकू. नाहीतर राहू द्या.

मी फोनवर शेठवर असा तोंडाचा पट्टा सोडला, की त्यांनी बहुतेक फोन कानापासून लांब धरला असणार. आजारी माणसाची परीक्षा घेतात? लाज नाही वाटत?

"बेटा, गुस्सा मत कर," शेठ म्हणाले. "त्यांचं पण ऐक. उद्या कोणी बोललं, बापाला काही समजतच नव्हतं, तुम्ही पोरगी फसवून नेली, तर ते काय जबाब देणार? आणि दुसरं… काकांच्या मनात चोपड्याची एक मुलगी आहे. केळीवाले लोक आहेत. त्यांना निमित्तच पाहिजे."

धाकटीला सांगितलं तर ती रडली नाही, भांडली नाही. लॅबचा डबा धूत होती, ती धुतच राहिली. मग म्हणाली, "ताई, तू क्रियापदांचीच ना? मग नानांकडून मला एक काढून दे. एकच."

एकच. पण कोणतं, बघा. 'दिली' म्हणताना मुलगी अजून घरातच असते, स्वयंपाकघरात पोहे परतत असते. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर. तरी शब्द मात्र पुरा झालेला: दिली. चप्पल शोधत असलेला माणूस आतून "आलो, आलो" ओरडतो ना, तसंच. हिंदीतही 'अभी आया' म्हणतात आणि कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही. एरवी ही गंमत मी वर्गात तासभर रंगवली असती. आता त्या गमतीवर बहिणीचा संसार टांगला होता. शिवाय तो शब्द मुलखाचा अवघड, देण्याचा, तिघांना धरून चालणारा. आणि 'मी मुलगी दिली' म्हणताना क्रियापद देणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही, ते मुलीच्या मागे जातं. चहा-पंख्यावर अडलेल्या माणसाला मी हे बोलायला लावणार होते.

मी रजा टाकली आणि पारोळ्याला येऊन बसले.

"नाना, म्हणा. मुलगी दिली."

"मुलगी…"

"हं. मुलगी?"

"मुलगी… सुपारी."

"सुपारी नाही हो! दिली. दि-ली."

"धुळे," नाना म्हणाले. सगळं कळत होतं त्यांना. कोणाची मुलगी, कुठे जाणार, कशासाठी चाललंय हे सगळं. तिन्ही माणसं हजर होती, नुसती त्यांना बांधणारी गाठ सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताची मूठ पलंगाच्या कडेवर अशी आपटली, की सालपट निघालं.

"पुरे कर वं!" आई स्वयंपाकघरातून धावत आली. "माणूसले मारशी का?"

"मग तू सांग ना काय करू! चोपड्याच्या मुलीला अक्षता टाकायला जाऊ?" मी ओरडले. नाना आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मला माझाच राग आला, आणि या वेळी मात्र वाक्यात कोणावर ढकलायला जागा सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. नव्या गव्हाचा नमुना रुमालात बांधून आणला होता. गप्पा मारायचं काही सुचेना, तेव्हा त्यांनी रुमाल सोडला आणि मूठभर गहू नानांच्या डाव्या तळहातावर ठेवला. नानांनी दाणे अंगठ्याने चोळले. नाकाशी नेले. आणि एकदम, पूर्वीच्या आवाजात, ताठ मानेने:

"एक वार!"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आई दारात येऊन उभी राहिली.

"दोन वार!"

आणि थांबले. मान वळवली, इकडे तिकडे बघू लागले. शेठ तर रुमालात तोंड घालून रडत होते, त्यांना काही सुचत नव्हतं. गाडी इथेच अडली म्हणून मी पुढे झाले. "पुढे, नाना! पुढे! तीन वार…"

त्यांनी माझ्याकडे जरा वैतागून पाहिलं, पण म्हणाले. "तीन वार. दिला."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, होतं असं. जन्मभर घोकलेलं, आकडे, आरत्या, शिव्या, हे पुष्कळदा शाबूत राहतं. त्या वाटेने नेऊन बघा. पण घोकलेलं वेगळं आणि बोललेलं वेगळं, हे विसरू नका. मी कसलं लक्षात ठेवतेय! मला 'दिला' मिळाला होता, आता त्याचा 'दिली' करायचा एवढंच राहिलं होतं.

तो झालाही. पण एक अडचण होती. नाना मधूनच सुरू होईनात. थेट 'दिली' म्हणा म्हटलं की पुन्हा "सुपारी." 'तीन वार' पासून धरलं तर गप्प. सुरुवात एक वारपासूनच व्हायची. आणि धुळ्याच्या पाहुण्यांसमोर मुलीच्या सुपारीत "एक वार, दोन वार" म्हटलं तर? काकांना निमित्त हवं होतं, आम्ही ते ताटात वाढून देणार! म्हणून मी युक्ती काढली: पहिली दोन बोटं मिटायची, मनात म्हणायचं, आणि तिसऱ्याला मोठ्याने 'दिली'. नाना प्रयत्न करायचे. कधी जमायचं, कधी ओठ हलायचे, कधी सरळ आवाजच फुटायचा. आणि दर वेळी दोन झाले की ते थांबायचे. मान स्वयंपाकघराकडे वळायची, काहीतरी शोधल्यासारखी. मी म्हणायची "पुढे!" मग ते पुढे जायचे. हा दुखण्याचाच भाग, असं मी ठरवून टाकलं होतं. धाकटी आत भाजी चिरत असायची.

ठरलेल्या दिवशी दुपारी धुळ्याच्या दोन गाड्या दारात लागल्या. ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावता येईना. मोठे काका उंच, पांढऱ्या कपड्यांतले, बोलायला अगदी मऊ. मला वाटलं होतं, कोणीतरी मिशीवाला राक्षस येईल; त्यापेक्षा ही मऊ माणसं कठीण. पाणी झालं, चहा झाला. काका नानांच्या शेजारी बसले आणि त्यांचा लुळा हात आपल्या हातात घेतला.

"कसं वाटतंय आता, नाना?"

"पंखा," नाना म्हणाले.

काकांनी वर पाहिलं. पंखा चालूच होता. त्यांनी काही न बोलता आपल्या बायकोकडे पाहिलं, आणि ते बघणं मी पाहिलं. मला काय माहीत नाना काय सांगत होते! पंखा कमी करा, पाहुण्यांना जोरात लावा, हा नवा आणलाय, काहीही असेल. पण काकांच्या लेखी उत्तर मिळालं होतं.

पाट मांडला. सुपारी, हळदकुंकू, ताटलीत अक्षता, अडकित्ता. धाकटीला आणून भिंतीशी बसवलं. समोर मुलगा, मान खाली. दोघं अनोळखी असल्याचं सोंग इतकं छान करत होते, की एरवी मला हसू आलं असतं. मी नानांच्या मागे, त्यांच्या डाव्या खांद्याशी बसले.

"मग, नाना," काका म्हणाले, "होऊन जाऊ द्या."

नानांची दोन बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

"मुलगी…" ते म्हणाले.

काका जरा पुढे झुकले.

"मुलगी…"

नानांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत आला. मला तो पुसायचा होता, पण हात उचलला तर मी काही सुचवतेय असं वाटेल म्हणून मी हातावर हात दाबून बसले. आई ओठ हलवत होती, देवाचं नाव घेत होती की 'दिली' म्हणत होती कोण जाणे. पाहुण्यांतलं कोणीतरी खोकलं.

"आराम से, नाना," शेठ हळूच म्हणाले.

"मुलगी… पाट… सुपारी…"

काकांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू द्या, राहू द्या. माणसाला त्रास नको. आपण पुन्हा कधीतरी बसू." आणि उठण्यासाठी त्यांनी एक हात जमिनीला टेकला.

पुन्हा कधीतरी! त्या शब्दांचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होता. मुलाने पहिल्यांदा मान वर केली. धाकटीचा चेहरा मला आजही बघवत नाही. ती सुपारीकडे बघत होती, तिच्याकडे बघून झाल्यावर जग संपणार असल्यासारखी. मी काहीतरी भयंकर बोलणार होते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात नानांचा डावा हात ताटलीकडे गेला. त्यांनी मूठभर अक्षता उचलल्या आणि अंगठ्याने चोळल्या, गहू चोळायचे तशा.

"एक वार!"

तो आवाज! खिडकीच्या काचा थरथरल्या असतील. काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय!" गेलं, सगळं गेलं.

"दोन वार!"

काकांचा चेहरा लालबुंद झाला. आवाजातला मऊपणा पार गेला. "लिलाव लावलाय का इथे? शेठ, हे काय चाललंय?"

नाना थांबले होते. नेहमीसारखेच, दोनवर. आता निदान लवकर संपू दे म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकले. "पुढे, नाना, पु…"

त्यांनी डावा पंजा उचलून मला गप्प केलं. तोंड न वळवता, नुसता पंजा. बाजारात मधेच भाव बोलणाऱ्या व्यापाऱ्याला ते असाच पंजा दाखवत. मग त्यांची मान वळली, त्याच जुन्या शोधणाऱ्या नजरेने. या वेळी ज्याला शोधत होते ते माणूस स्वयंपाकघरात नव्हतं. समोर भिंतीशी बसलं होतं.

"काय माय," नाना धाकटीला म्हणाले, "देवानी का?"

द्यायची का?

मला रडू फुटलं ते तिथेच. इतके दिवस हा माणूस दोनवर थांबून स्वयंपाकघराकडे बघत होता, आणि मी मागून ढकलत होते, पुढे, पुढे! अडले नव्हते ते. विचारायला थांबत होते.

धाकटीने पदर सावरला. तिला कोणीही, आईने नाही, मी नाही, समोरच्यांनी तर नाहीच, असं चारचौघांत विचारलं नव्हतं. तिने काकांकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही.

"द्या, नाना," ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्याने. "द्या. मला जायचंय तिथे."

"तीन वार!" नानांनी तळहात पाटावर असा आपटला, की सुपारी उडाली. "दिली!"

सुपारी गडगडत गेली आणि काकांच्या पायाशी थांबली. मग शेठना हसू फुटलं, डोळे पुसत पुसत हसू. "अहो काका, काय बघता! ह्या माणसाने सारी जिंदगी मालकाला विचारल्याशिवाय माल दिला नाही. आम्ही व्यापारी किती बोंबललो, तरी नाही."

काकांनी धाकटीकडे पाहिलं. मग पुतण्याकडे. पुतण्या इतका उघडपणे धाकटीकडे बघत होता, की सोंगाचं काही उरलंच नव्हतं. काकांना तेव्हाच सगळं कळलं असणार. अजूनही उठून जाता आलं असतं त्यांना. ते वाकले, सुपारी उचलली, तिच्यावरची धूळ धोतराच्या सोग्याला पुसली.

"बापाला समजत नाही म्हणणारा मीच होतो," ते म्हणाले. "घेतली." आणि अडकित्ता मागितला.

गाड्या गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. धाकटी गच्चीवर फोन घेऊन पळाली, आता लपवायचं कोणापासून! मी पाट उचलत होते. अक्षता सगळ्या सतरंजीभर सांडल्या होत्या. नाना पलंगावर, थकून, डोळे अर्धे मिटून. आई कपबशांचा ढीग हातात घेऊन निघाली होती ती मधेच थांबली, खोलीच्या ऐन मध्यावर.

"मले कोन्ही इचारं व्हतं का," ती म्हणाली.

मला कोणी विचारलं होतं का. रागाने म्हणाली नाही. माझ्याशी नाही, नानांशीही नाही. धाकटीला विचारलेलं पाहून जे आत हललं, ते बाहेर पडलं इतकंच. तिच्या सुपारीत तिचे वडील 'दिली' म्हणाले होते आणि तिच्या सासऱ्यांनी 'घेतली', आणि ती आत पोहे परतत होती.

नानांनी डोळे उघडले. "मी…" म्हणाले. "मी…" ओठ हलत राहिले. गहू नव्हते, अक्षता नव्हत्या, घोकलेलं काही नव्हतं. ही वाट त्यांची त्यांनाच चालायची होती. मी सुचवायला गेले नाही. या वेळी मी जीभ दाताखाली धरून उभी राहिले.

त्यांनी डावा हात पलंगावर, आपल्या शेजारी ठेवला. दोनदा थोपटला.

"बस," नाना म्हणाले.

धुळ्याच्या त्या कार्डावर जे कधी आलं नव्हतं, ते. आई कपबशा सावरत त्यांच्याकडे वळली.

"आते? आनि भांडा कोन घासी?"

"बस."

मी तिच्या हातातून कपबशा काढून घेतल्या. आई बसली.